टाकीवरचा दिवा

"पप्पा, तुम्ही फक्त दिव्याला हात लावू नका," यशू म्हणाली. "तो आपला आपण लागतो आणि आपला आपण बंद होतो."

तिला निघायला दोन तास उरले होते. दोन मोठ्या बॅगा दाराशी उभ्या होत्या, आणि जर्मनीला शिकायला निघालेली माझी मुलगी मला मासा सांभाळायचे धडे देत होती. शोकेसवर तिची काचेची टाकी होती, जेमतेम सव्वा फूट लांब. त्यात एक निळा फायटर मासा आणि तीन जातींची झाडं. पाण्याच्या तळाशी वाढणारी, गर्द हिरव्या जाड पानांची, अगदी सावकाश वाढणारी झाडं. त्यांना ऊन नको, जोराचा दिवा नको, मंद उजेडात ती सुखाने राहतात, हे तिने मला तीनदा सांगितलं. शिवाय सगळं एका कागदावर लिहून तो शोकेसला चिकटवला होता. खाणं रोज चार दाणे. आठवड्याला दोन तांबे पाणी काढायचं आणि दोन तांबे घालायचं, तेही दिवसभर उघडं ठेवलेलं. दिव्यापुढे एवढंच लिहिलं होतं, हात लावू नका.

मी मान डोलावली. सामान रिक्षात घातलं, स्टेशनवर गेलो, आणि गाडी हलायच्या आधी तिला खिडकीतून म्हणालो, "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव." एकुलती एक मुलगी परक्या देशाला निघाली आणि बापाच्या तोंडून एवढंच वाक्य निघालं. तिनेही मान डोलावली. आमच्या घराण्यात मान फार डोलावली जाते.

मी मनमाडचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त झालो त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. रुळांच्या कडेने चालायचं, सिग्नलवर चढायचं, दिवे, तारा, रिले तपासायचे, हे माझं काम. त्यात माणसांशी बोलायची गरज पडत नाही, आणि जी थोडी पडायची ती घरी आल्यावर निर्मला भागवायची. माझी बायको माझ्या वाटणीचंही बोलायची. यशू पुण्याला हॉस्टेलवर होती तेव्हा तिचा फोन आला आणि मी उचलला, तर माझं ठरलेलं वाक्य असे, "थांब, आईला देतो." चार वर्षांत याच्यापुढे आमचं गाडं गेलं नाही. मग निर्मला गेली, कावीळ बिघडून, एकवीस दिवसांत. त्यानंतर फोन वाजला तर तो मलाच घ्यावा लागायचा. द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पुढे पुण्याचं संपवून यशू घरी आली, ती जर्मनीला निघेपर्यंत घरीच होती.

जर्मनीहून यशूचा फोन दर रविवारी रात्री साडेआठला यायचा, तिकडे तेव्हा दुपार असायची. शोकेसच्या शेजारीच फोन होता. ती विचारायची, फायटर कसा आहे, झाडं कशी आहेत. मी सांगायचो. मी काही तरी विचारायला हवं हे मला कळायचं, पण काय विचारायचं ते सुचायचं नाही. अभ्यासाचं विचारावं तर त्यातलं मला कळत नाही, आणि बाकीचं विचारायचं खातं निर्मलाचं होतं. म्हणून मी आठवडाभर टाकीसमोर बसून बोलायला विषय जमा करायचो. डाव्या कोपऱ्यातल्या झाडाला एक पान फुटलं. मासा सकाळी वर येतो आणि दुपारी मोठ्या पानावर टेकून बसतो. पाण्याची पातळी बोटभर उतरली. रविवारी हे सगळं ओळीने सांगायचं. पाच मिनिटं, फार तर सहा. मग ती म्हणायची, "चला पप्पा, ठेवते."

त्या पाच मिनिटांवर माझे बाकीचे सहा दिवस आणि तेवीस तास उभे होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. टाकी आहे म्हणून फोन आहे, असा हिशेब मी मनाशी पक्का केला होता. टाकी गेली तर त्या पोरीने माझ्याशी बोलायचं तरी कशाबद्दल?

आणि सप्टेंबर संपायच्या आत मी दिव्याला हात लावला.

धूळ पुसायची होती, एवढंच निमित्त. चौतीस वर्षं खांबावर चढून दिवे पुसलेला मी माणूस, आणि शोकेससमोर पाटावर उभा राहून पुसताना माझ्या हातून दिवा सुटला आणि थेट पाण्यात गेला. प्लग आधी काढला होता म्हणून मासा वाचला. दिवा मात्र कामातून गेला, आणि त्याला जोडलेलं ते वेळेचं यंत्रही. मी उघडून पाहिलं, वाळवलं, पुन्हा जोडलं. काही उपयोग झाला नाही.

रविवारी यशूने विचारलं, सगळं ठीक ना. मी म्हणालो, ठीक. ते माझं पहिलं खोटं.

नवीन दिवा विकत आणता आला असता, पण ते मला पटणारं नव्हतं. माझ्या माळ्यावर दोन पेट्या भरून सामान होतं आणि हातात अजून कसब होतं. मी बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा घेतला, त्याच्या तळाला भोकं पाडून दोन होल्डर बसवले आणि आतून पांढरा रंग दिला. पाच-पाच वॅटचे दोन पांढरे सीएफएल आणले. उजेड किती हवा, हा खरा प्रश्न होता. मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. पण मला एवढं आठवत होतं, की यशूचा दिवा लागलेला असताना टाकीच्या पलीकडे वर्तमानपत्र धरलं तर मोठी अक्षरं वाचता यायची आणि छोट्या जाहिराती वाचता यायच्या नाहीत. मग मी तेच माप धरलं. डबा चार लाकडी ठोकळ्यांवर उचलला, पलीकडे वर्तमानपत्र लावलं. जाहिराती वाचता येत होत्या. डबा आणखी उचलला, तरीही वाचता येत होत्या. शेवटी माळ्यावरून सिग्नलच्या जुन्या नकाशाचा ट्रेसिंग पेपर काढला, त्याची दुहेरी घडी दिव्याखाली ताणून बसवली, आणि जाहिराती पुसट झाल्या. त्या दुपारी मी दोनदा चहा केला, इतका खूश होतो.

आता दोन दिवे कशाला, असं कोणीही विचारेल. ते आमच्या खात्याचं वळण. सिग्नलच्या दिव्यात दोन तारा असतात. एक जळाली की दुसरी आपोआप पेटते, कारण सिग्नलचा दिवा विझून चालत नाही. विझलेला सिग्नल दिसला की ड्रायव्हर तो लालच समजतो आणि गाडी उभी करतो. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी साहेबांनी शिकवलं ते हेच, दिवसा असो, रात्री असो, दिवा जळतच राहिला पाहिजे. म्हणून मी मध्ये एक रिले बसवला. पहिला दिवा उडाला की दुसरा लागणार. लोडशेडिंगची सोय म्हणून एक बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडला. आणि दिवा चालू केला तो चालूच ठेवला. यशूचा दिवा रोज संध्याकाळी सहाला विझायचा, ते मला पहिल्यापासून खटकत होतं. झाडांना उजेड लागतो, मग तो अर्धाच दिवस का द्यायचा? मी ती त्रुटी दूर केली, असंच मला वाटत होतं.

गल्लीत वीज जायची तेव्हा सगळीकडे अंधार आणि आमच्या पुढच्या खोलीत मंद पांढरा उजेड. शेजारच्या पगारेवहिनी ओट्यावर बसून चिडवायच्या, "भाऊ, तुमच्या माशाला बरं लोडशेडिंग नाही. आम्हाला पण घ्या की टाकीत." मी हसायचो. आठवड्याभरात कोणी मला हसवलं तर त्या वहिनींनीच.

पहिले पंधरा दिवस सगळं छान होतं. मग काचेवर हिरवट साय धरली. मी जुन्या ब्रशने घासून काढली. चार दिवसांत ती परत आली. मग पानांच्या कडांना काळे केस फुटल्यासारखं शेवाळ आलं, आणि जाड हिरव्या पानांना भोकं पडायला लागली. एक पान सुटून वर तरंगत आलं. हातात घेतलं तर त्याचा चिखल झाला.

मी विचार केला, झाडं मरताहेत म्हणजे उजेड कमी पडतोय. मग ट्रेसिंग पेपर काढून टाकला. ठोकळे खाली घेतले. रविवारी यशूला सांगितलं, उजव्या बाजूच्या झाडाला दोन नवीन पानं आली.

तिला बरं वाटलं. त्यामुळे पुढच्या रविवारी मी आणखी एक पान वाढवलं.

नोव्हेंबरभर असंच चाललं. फोनवर माझी टाकी बहरत होती आणि शोकेसवरची सडत होती. पाणी बदलून पाहावं तर आमच्याकडे नळाला पाणी दहा-दहा दिवसांनी यायचं. मी माझ्या पिण्याच्या पिंपातलं काढायचो, पगारेवहिनींकडून कळशी मागून आणायचो. वहिनी द्यायच्या, पण एकदा म्हणाल्या, "भाऊ, एवढं पाणी माणसांना मिळत नाही." मी खाली मान घालून कळशी उचलली. मासा अजून जिवंत होता. त्याचा निळा रंग मात्र उडत चालला होता. एका कोपऱ्यात, शेवाळाच्या झिपऱ्यांखाली डोकं घालून तो पडून राहायचा. खायला टाकलं तर उशिरा यायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी यशू म्हणाली, "पप्पा, पगारेकाकूंच्या मोबाइलला कॅमेरा आहे ना? त्यांना सांगून टाकीचा एक फोटो पाठवा. पुढच्या रविवारपर्यंत. एवढी पानं आली म्हणता, मला बघायची आहेत."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला, आणि माझी पाचावर धारण बसली. आता खोटं उघडं पडणार होतं. तिची टाकी मारली हे एक, आणि दोन महिने दर रविवारी तिला फसवलं हे दुसरं. पहिल्याबद्दल ती रागावली असती. दुसऱ्याबद्दल ती काही बोलली नसती, नुसता फोन करायची थांबली असती. माझीच मुलगी आहे ती.

मार्ग एकच होता. तशीच झाडं आणायची, टाकी धुवायची, ती लावायची आणि फोटो काढायचा. शनिवारी सकाळी मी नाशिकला गेलो. एक सडकं पान ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घेतलं होतं, नमुना म्हणून. दोन-तीन ठिकाणी हिंडल्यावर एका दुकानात ही झाडं मिळाली. दुकानदाराचं नाव इद्रिस, चाळिशीचा, शांत माणूस. मी डबा उघडून पान दाखवलं आणि म्हणालो, याच जातीची आणि आणखी अमुक दोन जातींची हवीत, मोठी पानं असलेली.

त्याने पान उलटंपालटं करून पाहिलं. झाडं द्यायच्या आधी त्याने मला स्टुलावर बसवलं आणि टाकी केवढी, पाणी कुठलं, दिवा कोणता, असं एकेक विचारायला सुरुवात केली. दिव्याचं नाव निघताच मला हुरूप आला. मी त्याला डबा, होल्डर, वर्तमानपत्राचं माप, सगळं सांगितलं. त्याला ते फार आवडलं. पाच वॅट म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाला. मग मी रिले सांगितला.

"एक उडाला की दुसरा लागतो," मी म्हणालो. "अडीच महिने झाले, क्षणभरही विझला नाही."

त्याने हातातलं पान खाली ठेवलं.

"रात्री बंद करता ना, काका?"

"बंद कशाला करायचा?"

मग त्याने मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. ही झाडं दिवसाचे सात-आठ तास मंद उजेड घेतात. त्याहून जास्त मिळाला तर त्यांना तो वापरता येत नाही, तो सगळा शेवाळाला मिळतो. अंधार हा त्यांच्या खाण्याचाच भाग आहे. आणि उजेड वाढवला होता तोही मीच.

"आणि मासा?" मी विचारलं. "तो का असा झालाय?"

"झोपला नाही तो," इद्रिस म्हणाला. "माशाला पापण्या नसतात काका. आपण डोळे मिटतो, त्याला मिटता येत नाहीत. बाहेर अंधार झाला तरच त्याची रात्र होते."

अडीच महिने. मी त्या स्टुलावर बसून मनात दिवस मोजले, आणि मग मोजणं सोडून दिलं.

"घरी कोण कोण असतं?" त्याने सहज विचारलं.

"मीच," मी म्हणालो.

झाडं त्याने ओल्या कागदात बांधून दिली आणि पुन्हा एकदा सांगितलं, संध्याकाळी बंद करायचा म्हणजे करायचा. गाडीत मी ती पिशवी मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, मेथी कुठून घेतलीत. मी म्हणालो, नाशिकहून.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. झाडं बादलीत पाण्यात सोडली. टाकी उद्या सकाळी धुवू, आधी माशाला झोपू दे, असं म्हणून मी इन्व्हर्टरचं बटण बंद केलं आणि मग दिव्याचं. खोलीतल्या मोठ्या दिव्याचं बटण दाबायचं नाही असं ठरवलं, कारण त्याचाही उजेड टाकीवर पडतो. खुर्ची ओढून बसलो. थोड्या वेळाने शोकेस दिसेना. मग भिंतीवरचा निर्मलाचा फोटो दिसेना. स्वयंपाकघरातला फ्रिज एकदा घरघरला आणि थांबला. पगारेंच्या घरात कोणी तरी भांडी विसळत होतं. मी हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो आणि ते हात मला दिसत नव्हते.

मला वाटतं दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. मी उठून दिवा लावला.

मासा दचकून कोपऱ्यात गेला. आणि मी तिथे उभा राहून पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, की सिग्नलचा नियम, साहेबांची शिकवण, झाडांना उजेड, या सगळ्या सबबी होत्या. तो दिवा झाडांसाठी नव्हताच. नोकरीत असताना मी कुठल्याही पाळीहून, कितीही वाजता परत आलो तरी गल्लीच्या वळणावरून आमच्या खिडकीत उजेड दिसायचा. निर्मला गेली आणि खिडकी अंधारी झाली. यशू घरी असेतो पुन्हा कोणी तरी दिवा लावत होतं, म्हणून मला ते जाणवलं नाही. ती गेली, आणि त्यानंतर मी बाजारातून, दवाखान्यातून, कुठूनही आलो तरी वळणावरून खिडकीत तो मंद पांढरा उजेड दिसायचा आणि घरात कोणी तरी आहे असं क्षणभर वाटायचं. त्या एका क्षणासाठी मी एका मुक्या जिवाला अडीच महिने जागं ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर दिवा मी लगेच विझवला नाही. जेवलो, भांडं धुतलं, अंथरूण घातलं आणि मग विझवला. ती रात्र काही मला चांगली गेली नाही.

रविवारी सकाळी टाकी धुवायला घ्यायची होती. पगारेवहिनींना दुपारी फोटो काढायला या असं सांगायचं होतं. मी बादलीतली झाडं दोनदा वर काढली आणि दोनदा परत पाण्यात ठेवली. ती लावली असती तर फोटो फार सुंदर आला असता. पुढच्या रविवारी मी पुन्हा पानं मोजून सांगितली असती. हे मला आयुष्यभर जमलं असतं, आणि जमेल याचीच मला धास्ती वाटली. दुपार झाली, वहिनींना मी हाक मारली नाही. संध्याकाळी सहाला दिवा विझवायचा म्हटलं, आणि तेही केलं नाही. फोन येईपर्यंत असू दे म्हटलं.

साडेआठला फोन वाजला.

"फोटो काढलात?" यशूने विचारलं.

"नाही."

"का? काकू नव्हत्या?"

"होत्या. फोटो काढावा असं काही उरलेलं नाही, यशू."

मग मी तिला सगळं सांगितलं. दिवा पाण्यात पडला तिथपासून. डबा, दोन दिवे, रिले, दिवसरात्र उजेड, शेवाळ, चिखल झालेली पानं. नवीन आणलेली झाडं बादलीत आहेत, हेही सांगितलं. आणि तुला सांगितलेलं एकही पान खरं नव्हतं, असं म्हणालो. इतकं सलग मी कोणाशी कधी बोललो असेन असं मला आठवत नाही. माझं संपलं, आणि मी वाट पाहत राहिलो, आता ही म्हणणार, चला पप्पा, ठेवते.

"रात्रीसुद्धा चालू ठेवायचात?" तिने विचारलं.

"हो."

"कशाला पण?"

सिग्नलचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं.

"घरात अंधार होतो म्हणून," मी म्हणालो. "तुझी आई गेल्यापासून मला अंधाऱ्या घरात यायला नको वाटतं. तू होतीस तोवर कळलं नाही."

पलीकडे ती रडायला लागली. आधी मला वाटलं टाकीसाठी रडते आहे. मी म्हणालो, मासा आहे अजून, मासा वाचेल. ती म्हणाली, "पप्पा, मासा नाही हो." आणि मग ती काय बोलते ते मला कळायला वेळ लागला, कारण ती एका श्वासात बोलत होती. तिथे दुपारी चारलाच अंधार पडतो. तिथे गेल्यापासून ती खोलीतला दिवा बंद करत नाही. झोपतानाही नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी दाराच्या फटीतून उजेड पाहते आणि विचारते, किती अभ्यास करतेस ग. ती तिला हो म्हणते. तिला तिथे कोणी नाही. दिवस दिवस ती कोणाशी बोलत नाही. रविवारची वाट बघते, आणि रविवारी मी पानं मोजून दाखवतो.

"मला वाटायचं, तुम्हाला टाकीशिवाय माझ्याशी काही बोलायचंच नसतं," ती म्हणाली.

इथे एखाद्या बापाने दोन शब्द मायेचे बोलायला हवे होते. निर्मला असती तर तिने पोरीला फोनवरून कुशीत घेतलं असतं. मी विचारलं, "किती वॅटचा आहे तो दिवा?"

रडता रडता ती हसली. "माहीत नाही. वर चढून बघू?"

"नको, पडशील."

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, मी परत येऊ का?"

ये, हा शब्द माझ्या ओठांवर येऊन थांबला होता. मी तो उच्चारला असता तर ती आठवड्याच्या आत माझ्यासमोर उभी राहिली असती, खिडकीत उजेड आला असता, आणि तिचं सगळं शिक्षण तिथेच संपलं असतं. पुढे ती शिक्षण पुरं करूनच आली, आज चांगली मोठ्या कामावर आहे. पण त्या क्षणी हे काहीच मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की ती आली तर ती माझ्यासाठी येईल, आणि आम्ही दोघं मिळून एका दिव्याखाली बसून राहू.

"आत्ता तुझा दिवा चालू आहे?" मी विचारलं.

"आहे."

"बाहेर अंधार पडलाय?"

"आत्ताच पडला."

"मग बंद कर. मी पण इकडचा करतो. फोन ठेवायचा नाही."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं लांब गेली आणि तिकडे बटण खट् करून वाजलं. मी हात लांबवून टाकीवरचा दिवा विझवला. आधी काच दिसेनाशी झाली, मग फोन, मग माझाच हात. पावलं परत आली.

"केलात?"

"केला."

"पप्पा, मला भीती वाटते."

माझी तेव्हा साठी उलटली होती. त्या वयापर्यंत मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, निर्मलालाही नाही.

"मलाही वाटते," मी म्हणालो.

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि फोन कोणीच ठेवला नाही.